सात पोती कोंबडखत

चूक माझी होती. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, म्हणून तेच सगळ्यात आधी लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या शेवटी मी घरामागच्या चार गादीवाफ्यांत सात पोती ताजं कोंबडखत ओतलं, वरून चार बोटं माती पसरली आणि माझ्या थोरल्या बहिणीला, सिंधूआक्काला सांगितलं की हे आप्पा मेंढपाळांच्या वाड्यावरचं दोन वर्षं मुरलेलं लेंडीखत आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल. खतावरून खोटं बोललो, यात एवढं मन खाण्यासारखं काय? मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं, किंवा तसं वाटून घेत होतो.

यंदाही पाऊस सरला आणि वाफे खाली बसले. दरवर्षी बसतात. पितृपक्षातलं ते पिवळं, चिकट ऊन पडायला लागलं, गवारीच्या शेंगा जून झाल्या, भेंडीची झाडं माणसाच्या उंचीची होऊन नुसतीच काठीसारखी उभी राहिली, की मी एका संध्याकाळी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसतो आणि विटेच्या वरच्या काठापासून मातीपर्यंत हात लावून बघतो. यंदा एक वीत आणि दोन बोटं. उघड्या रानातली मातीही अशीच झिजत असेल, पण तिथं मोजायला काठ नसतो. इथं विटांची सरळ रेघ असते. किती खाली गेलो, ते लपत नाही.

दौंडला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा घरामागं नुसता मुरूम होता. टिकाव मारला की ठिणगी उडायची. मी कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्टला. बायको मंगल शिवणकाम करायची. तिथं भाजी होईल असं आम्हा दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. ते आक्कानं आणलं. आक्काला मांडवगण फराट्याला दिलेली. दाजी अचानक गेले, लेक रोहिणी शिकायला पुण्यात, आणि एवढ्या घरात एकटी आक्का. मीच म्हणालो, चल माझ्याकडं. ती आली, दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "भानू, एवढी जागा आन् कोथिंबीर इकत आनता? लाज कशी वाटत न्हाई रं?"

मग घरबांधणीतल्या उरलेल्या विटा रचून चार थरांचे चार वाफे झाले. आत बाहेरून आणलेली माती. नदीकाठचा पोयटा, न्हावऱ्याच्या आमच्या रानातली काळी, आणि खत. त्यात वांगी, मिरची, मेथी, चुका, कडेनं मुळा. पहिल्या वर्षी वाफे काठोकाठ होते. वर्ष सरलं तसे खाली गेले. मी म्हणालो, "आक्का, माती वाहून गेली वाटतं."

"वाहून कुठनं जाईल? चारी बाजूनं इटा हाईत."

"मग गेली कुठं?"

"वरीसभर वांगी खाल्लीस, ती काय आभाळातनं पडली? तुझ्या पोटात गेली माती. आता भर तिची वटी."

मातीची ओटी भरणं हा तिचाच शब्द. त्याची तिची एक रीत होती आणि त्या रीतीत घाई चालत नसे. जुनी मुळं उपटायची नाहीत, बुडातून कापायची. मुळं आतच कुजू द्यायची. कुदळ घालून सगळं उलथंपालथं करायचं नाही. वर वाळका पाला नाहीतर उसाचं पाचट, त्यावर मुरलेलं खत, त्यावर पोयटा. पाणी शिंपडायचं, तळहातानं हलकं दाबायचं, आणि पंधरा दिवस विसरून जायचं. मग एका कोपऱ्यात मूठभर मेथी टाकायची. "मेथी खोटं बोलत न्हाई," ती म्हणायची. मेथी हिरवीगार वर आली, तरच रोपं लावायची. खत हातात घेऊन ती नाकाशी धरायची. भुगा झालेल्या, थंड खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास असतो. "ज्याला वास येतुया ते अजून कच्चं हाय. माणसाचं बी तसंच," असं म्हणून ती मंगलकडं बघून हसायची, आणि मंगल माझ्याकडं बघून.

खत आणायचं ते आप्पांकडून. आप्पांची मेंढरं आता थोडी उरलीत. मुलं ऊस आणि कांदा करतात. पण नदीपलीकडे त्यांच्या वाड्यावर लेंडीखताचा जुना ढीग कायम असतो. दोन पावसाळे खाल्लेलं खत ते हातानं दाखवून देतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

त्या वर्षी भाद्रपदात आक्काची जाऊ आजारी पडली म्हणून ती तीन आठवडे मांडवगणला होती. जाताना मला म्हणाली, "घट बसायच्या आधी वाफं भरून ठेव. आप्पांकडनंच आन. दुसरं काय घालू नगंस." मी हो म्हणालो. पण शिफ्ट बदलत्या, सुट्टी एकच, आणि ती एक सुट्टी नदीपलीकडं जाऊन, आप्पांबरोबर तासभर बसून, चहा पिऊन घालवायची माझ्या जिवावर आलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा एकजण म्हणाला, "आमच्या पावण्यांची पोल्ट्री कालच खाली झालीया. कोंबडखत म्हंजी बॉम्ब असतंय. आनून टाकू का?" दुसऱ्या दिवशी टेम्पोतून सात पोती दारात आली.

पोत्याचं तोंड सोडलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ही गोष्ट मी आजवर स्वतःपासूनही लपवत आलो. तो अमोनियाचा वास होता. कारखान्यात याच वासाला मी मास्क लावतो आणि नव्या पोरांना सांगतो की वास आला की आधी मागं सरायचं. नाकाला सगळं कळलं होतं. हात मात्र थांबले नाहीत. तासाभरात चारही वाफे काठोकाठ भरले. वरून माती पसरली, पाणी मारलं, लांब उभा राहून पाहिलं. इतके भरलेले, इतके नेटके ते कधीच दिसले नव्हते. मंगलनं पोती धुऊन कुंपणावर वाळत घातली.

आक्का परत आली ती सरळ मागच्या दारी. वाफे बघून तिचा चेहरा उजळला.

"आप्पांकडचं?"

"मग कुणाचं?"

तिनं वाकून हात आत घातला, नाकाशी नेला. "भानू, वास येतुय का रं जरा?"

"ओलं झालंय लेंडीखत," मी म्हणालो. "पाणी जास्त मारलं मी."

पंधरा दिवस थांबायचे, ते सातच मिळाले. मूठभर मेथी टाकायची तीही राहिली. मी म्हणालो, "आप्पांचं खत आहे, त्याची कसली परीक्षा घेतेस?" आणि ती म्हणाली, खरं हाय. तिनं रोपं लावून टाकली.

मग घट बसायचा दिवस. आमच्याकडं घटाची माती आपल्या रानातली लागते. दौंडला आल्यापासून आमचं रान म्हणजे हेच वाफे. परडीत पत्रावळ, त्यावर माती, मातीत धान्य, मधोमध घट. नऊ दिवस पाणी शिंपडायचं, रोज एक माळ वर बांधायची. दसऱ्याला वीतभर उगवलेला तुरा टोपीत खोचून बाहेर पडायचं. घट जेवढा दाट, तेवढं घरात बरं, असं समजतात. माती आणायचं काम सवाशिणीचं. त्या सकाळी मंगलनं परडी घेतली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "आक्का, तुम्हीच आणा. वाफे तुमचे आहेत."

आक्का मागं सरली. "माझ्या हातनं कशाला? तू हाईस की सवाशीण."

आणि मी, आंघोळ करून सोवळं नेसून उभा, मोठ्या आवाजात म्हणालो, "आक्का, कुठल्या जमान्यात हाईस? माती तुझी, मेहनत तुझी. तूच आणायची. मी सांगतोय."

मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हे सांगितलंही. आमच्या घरी असलं काही मानत नाहीत, विधवा बहिणीच्या हातची माती घटाला घेतली. दोघांनी "भारी केलंत" म्हणून पाठ थोपटली. आक्कानं मात्र माती आणताना पदर डोक्यावरून घेतला होता. वरची माती बाजूला सारून तिनं आतली चांगली माती उकरली. आतली. परडी दोन्ही हातांत धरून ती देवघरापर्यंत आली. दाजी गेल्यापासून तिनं देवाच्या कामात असा हात घातला नव्हता. माती पसरताना तिच्या तोंडावर जे होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. मी तिला उंच चढवलं होतं. खाली काय ठेवलंय, ते मला एकट्याला माहीत होतं.

तिसऱ्या माळेला शेजारच्या घरी पिवळे कोंब दिसायला लागले. आमच्या परडीत काही नाही. चौथ्या माळेला ज्वारीचे दोन कोंब निघाले आणि टोकाशी तपकिरी होऊन आडवे झाले. गहू फुगून मऊ पडला होता. पाचव्या माळेला न्हावऱ्याहून नानी आली. नानी म्हणजे माझी चुलती. आई गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस तीच. पाय धुऊन ती देवघराशी गेली, हात जोडले, आणि परडीकडं बघत राहिली.

"घट आला न्हाई, भानू."

ती आमच्याकडं वळली.

"माती कुनी आनली?"

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. पुरते दोन श्वास तिनं वाट बघितली. मग म्हणाली, "आक्कांनी."

"हं," नानी म्हणाली. "तरीच." मग हळू आवाजात, "वाईट वाटून घिऊ नगंस सिंधू. पर काय गोष्टी हात बघून कराव्या लागत्यात."

आक्का स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात भगरीचा डबा. ती म्हणाली, "माझंच चुकलं, नानी."

मी तरवडाच्या फुलांची माळ हातात धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नानी, मातीत कोंबडखत आहे. पण ते वाक्य बोललो असतो तर घटाला कोंबडखत घातल्याचं कबूल करावं लागलं असतं, आक्काशी खोटं बोलल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि तीनच दिवसांपूर्वी मिळवलेलं ते "भारी केलंत" परत द्यावं लागलं असतं. मी माळ बांधली. नीट गाठ मारली. त्या दसऱ्याला माझी टोपी रिकामी होती आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ती घातलीच नाही.

दसऱ्यानंतर आठ दिवसांत वांग्याच्या रोपांची पानं कडेनं करपली. मग मिरच्या. आक्का एकेक रोप उपटून मूळ बघायची. मुळं तपकिरी, भाजल्यासारखी. मातीतली बाई ती. तिला कळलं नसेल असं होत नाही. एका दुपारी तिनं मला परत विचारलं, "भानू, खरंच आप्पांकडचंच हुतं ना खत?"

"आप्पांकडचंच."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या दोन्ही तळहातांकडं, आणि म्हणाली, "मग ऱ्हायलं." डोळ्यांना दिसत होतं, नाकाला कळलं होतं, चाळीस वर्षांचा अनुभव ओरडून सांगत होता. तिनं ते सगळं बाजूला ठेवलं आणि भावावर विश्वास ठेवला. माझा खोटेपणा नंतर विसरता आला असता. तिचा विश्वास विसरता आला नाही.

दिवाळी झाली आणि आक्का मांडवगणला परत गेली. "तिकडलं घर बंद ऱ्हातंय," एवढंच कारण दिलं. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी वाफे आपोआप सुधारले. कोंबडखत मुरलं, थंड झालं, आणि वांगी अशी आली की बघत राहावं. मला ती खाववत नव्हती. मंगल न बोलता वाढायची. दौंडच्या बाजारात आप्पा भेटले की मी दुसऱ्या गल्लीला वळायचो. एकदा त्यांनी गाठलंच. "का रं भानुदास, तीन वरसं झाली, खताला फिरकला न्हाईस. सोनं घालतूस का काय वाफ्यात?" लोक हसले. मीही हसलो. "आक्का बी आली न्हाई," ते म्हणाले, "बरी हाय न्हवं?"

बरी होती का? रोहिणीचं लग्न झालं तेव्हा हळदीच्या दिवशी मी आक्काला शोधत होतो. ती सापडली कोठीच्या खोलीत, ताटं मोजत. म्हणालो, "चल, लेकीला हळद लाव." ती म्हणाली, "लावू दे त्यास्नी. माझा हात नगं." तिच्या तोंडून ते इतक्या सहज आलं, जसं कुणी म्हणावं मला साखर नको. मी तिथंच सांगायला हवं होतं. दारात कुणीतरी तांदूळ मागायला आलं, आणि मी तेवढीच सबब धरून बाहेर पडलो.

यंदा मी वाफे तिच्या रीतीनं भरायला घेतले. आप्पांकडं गेलो, तासभर बसलो, चहा प्यालो. पाचट अंथरलं, खत पसरलं. तिसऱ्या वाफ्यावर पोयटा टाकत होतो तेव्हा रोहिणीचा फोन आला. ती बाळंतपणाला मांडवगणला आहे. मुलगी झाली, दहा दिवस झाले होते.

"मामा, तुम्ही आईला काहीतरी सांगा ना."

"काय झालं?"

"ती बाळाला हातच लावत नाही. तेल-पाण्याला गल्लीतली बाई लावलीय. मी म्हणते घे, तर लांबून बघती. डोळे भरून बघती, मामा, पण घेत नाही. म्हणती, माझा हात लागला का जळतंय." रोहिणी रडायला लागली. "हे कुठून काढलंय तिनं डोक्यात?"

मी मातीच्या हातानंच फोन धरला होता. "मी येतो बारशाला," म्हणालो.

मंगल मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "पोती मीच धुतली होती," ती म्हणाली. "तेव्हाच विचारायला हवं होतं मी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तीन वर्षं थांबले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी आम्ही मोटारसायकलवर निघालो. भीमेच्या पुलावर वारा सुटला होता, दोन्ही काठांवरच्या उसाला तुरा यायला अजून वेळ होता. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. एकट्यात सांगावं, गोठ्याच्या मागं नेऊन, असं ठरवलं. पूल संपला तेव्हा कळलं की ते चालणार नाही. जो बोल तिला चारचौघांत लागला, तो मी गोठ्यामागं कसा उतरवणार?

घरात बायका जमल्या होत्या. नानी पाळण्याच्या दोरीला झेंडू बांधत होती. रोहिणी कॉटवर, मांडीवर बाळ. आक्का आत चुलीपाशी, घुगऱ्यांवर झाकण ठेवत. नानी म्हणाली, "या, मामा आलं! बस रं. च्या टाक गं कुनी तरी." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहामागं सगळं राहून गेलं असतं.

"नानी," मी म्हणालो, "तुम्ही एकदा विचारलं होतं, घटाची माती कुणी आणली."

नानीचे हात थांबले. "आता ते कशाला उकरतूस? चांगला दिस हाय."

"माती आक्कानं आणली. पण तिच्यात कोंबडखत मी घातलं होतं. ताजं, सात पोती. घट त्यानं जळला. रोपंही त्यानंच जळली."

"कोंबडखत?" नानी म्हणाली. "आन् घटाला?" मग तिला बाकीचं उमगलं. "आरं, मग मी बोलले तवा तुझी जीभ काय देवानं धरली हुती का?"

"न्हाई. मीच धरली."

आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. "आप्पांचं म्हनला हुतास."

"खोटं बोललो."

"वास आला हुता मला. मी इचारलं तुला. दोनदा."

"तीनदा," मी म्हणालो. "आल्या आल्या, मग वास आला तेव्हा, आणि रोपं करपली तेव्हा. तिन्ही वेळा खोटं बोललो. तुझं नाक बरोबर होतं, आक्का. तुझं सगळं बरोबर होतं."

रोहिणी एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत होती. नानीनं झेंडूची फुलं मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. आक्का मात्र माझ्याकडंच बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा मला राग दिसला. तीन वर्षं उशिरा आलेला, हक्काचा राग. मी खाली वाकलो, तिच्या पायांवर दोन्ही हात ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझ्या हातात खोट कधीच नव्हती, आक्का. माती मी नासवली, आणि बोल तुझ्या हाताला लागला तेव्हा माझी चूक झाकावी म्हणून मी गप्प राहिलो. घटाच्या दिवशी गप्प राहिलो, हळदीच्या दिवशी गप्प राहिलो. माझं चुकलं. तुला माफ करवलं तर मला माफ कर, आणि नाही करवलं तरी त्या लेकराला घे."